एकच सांगा

किसनराव बूट घालून ओसरीवर बसले होते आणि सत्यभामाबाई काही केल्या बाहेर येत नव्हत्या.

वडनेर भोलजीला पहाटे एक म्हातारे गृहस्थ वारले होते. दहाला उचलणार, असा निरोप होता. धामणगाव बढ्याहून मलकापूरमार्गे वडनेर म्हणजे तासाभराचा रस्ता. बद्रुद्दीनने गाडी फाटकाबाहेर काढून, काच पुसून, वळवून ठेवली होती.

“अवं, सांगतं का आता? उशीर होऊन राह्यला,” किसनरावांनी आत हाक मारली.

उत्तर नाही.

“लोक मयत धरून बसतीन अन् इथं तुहा फोन सरत नाही. कुंडली काढून राह्यली काय त्याची?”

फाटकापाशी बद्रुद्दीन हसला. तीस वर्षं तो त्यांची गाडी चालवत होता आणि हे बोलणं त्याच्या सवयीचं होतं.

शेवटी किसनराव उठले. बूट घालून स्वयंपाकघरात आलेलं सत्यभामाबाईंना चालत नसे, म्हणून ते उंबऱ्याशीच थांबले. सत्यभामाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाइल मांडीवर होता. शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवलेला, त्यावर झाकणी. डोळे अर्धवट उघडे होते आणि समोरच्या गॅसवर दूध उतू जाऊन करपत होतं.

किसनराव बुटासकट आत गेले.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, दोन-चार मिनिटांत सगळं संपलं असेल. त्यातलं किसनरावांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की त्या दोन-चार मिनिटांत आपण बाहेरून ओरडत होतो.

सहा वेळा ते आमदार झाले होते. मंत्री एकदाही नाही. दोनदा त्यांचं नाव यादीत मुंबईला गेलं आणि दोनदा यादीतून उतरलं. विधानसभेत ते फार बोलत नसत. बोलले तर कालव्याच्या पाण्याबद्दल, कापूस खरेदी केंद्राबद्दल, आणि बसल्याबरोबर चष्मा पुसायला घेत. पण मतदारसंघात कोणाकडे मयत झाली आणि किसनभाऊ आले नाहीत, असं होत नसे. सरण पेटल्यावर लोक स्मशानातल्या सिमेंटच्या बाकांवर बसायचे, कोणीतरी माईक हातात घ्यायचं आणि आलेले पुढारी दोन दोन शब्द बोलायचे. इकडे ती रीतच आहे. बाकीच्यांचं बोलणं एका साच्यातलं असे. मनमिळाऊ, धर्मपरायण, कधी न भरून निघणारी पोकळी. नाव बदललं की झालं.

किसनराव मात्र उभे राहत आणि गेलेल्या माणसाची एकच गोष्ट सांगत. अमडापूरचा एक पहिलवान वारला, तेव्हा ते म्हणाले, “गडी आखाड्यात कोनाले भ्याला नाही, पन घरात पाल निघाली की बायकोले हाक मारे.” सरणापुढे उभी असलेली त्याची पोरं रडता रडता हसली. लग्नात पुरण शिजवणाऱ्या एका बाईबद्दल ते म्हणाले, की सगळी पंगत उठेपर्यंत ती पुरणाला बोट लावत नसे आणि शेवटी उरलं नाही तर म्हणे, मले गोड चालत नाही. बद्रुद्दीनचे वडील शिलाईकाम करायचे. ते गेले तेव्हा माईक नव्हता. किसनरावांनी दारातच बद्रुद्दीनला जवळ घेऊन म्हटलं, “उरल्या चिंध्यांच्या टोप्या शिवून ईदीले पोरांना वाटे तो मानूस. माह्याही पोरीले दिली होती एक.” बद्रुद्दीन तेव्हा नुसता ड्रायव्हर होता. त्या दिवसापासून तो घरचा झाला.

लोक म्हणत, भाऊले सारं याद असते. विरोधक म्हणत, हा विधानसभेत नाही निवडून येत, मसनात निवडून येते. किसनरावांना त्याचा राग येत नसे. ते खरंच होतं.

आणि त्यामागचं खरं होतं ते सत्यभामाबाईंचं.

पहिली निवडणूक किसनराव हरले होते. त्या दिवसांत एका विरोधी कार्यकर्त्याची आई वारली. माणसं जोडायची म्हणून किसनराव गेले आणि माईक हातात आल्यावर म्हणाले, की माउली साक्षात अन्नपूर्णा होती, तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. मुलगा शांतपणे म्हणाला, “भाऊ, माही माय पंधरा वर्षं आंधळी होती. चुलीपाशी आमी तिले जाऊ देत नव्हतो.” मागे कोणीतरी हसलं. ते हसू घेऊन किसनराव घरी आले आणि जेवले नाहीत.

“मले इचारायचं ना,” सत्यभामाबाई म्हणाल्या होत्या. “त्या म्हातारीले आवाजावरून कबुतरं वळखू येत. कोनतं आपलं अन् कोनतं शेजारच्याचं, बसल्या जागी सांगे.”

“तुले काय माहीत?”

“बायायले माहीत असते.”

तेव्हापासून सुरू झालं. मयतीची खबर आली की सत्यभामाबाई फोनपाशी बसत. आधी भिंतीवरचा फोन होता, मग हातातला आला. नणंद, भावजय, शेजारीण, कोणाची तरी मावशी, असं करत त्या बरोबर त्या घराच्या आतल्या खोलीत पोचत. मग किसनराव बूट घालत असताना पाण्याचा पेला घेऊन येत आणि सांगत. एकच गोष्ट. किसनरावांनी एकदा म्हटलं होतं, “दोन सांग ना. एखादी जास्तीची.”

“नाही. दोन सांगतल्या तं पाठ करून आल्यावानी वाटते. एकच सांगा. अन् अन्नपूर्णा म्हनू नका कोनाले. माहीत नसलं की लोक अन्नपूर्णा म्हनतात.”

एकदा नागपूरच्या एका पत्रकाराने घरी येऊन विचारलं, की हे एवढं सगळं लक्षात कसं राहतं. किसनराव कपाळाला बोट लावून म्हणाले, “देवाची देणगी.” सत्यभामाबाई तेव्हा चहा ठेवत होत्या. बशीत सांडलेला थेंब त्यांनी पदराने पुसला आणि आत गेल्या. छापून आलेलं कात्रण त्यांनीच काचेत बसवून आणलं. ते अजून ओसरीवर आहे.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. अंगणात मंडप पडला. ओसरीवर सत्यभामाबाईंना निजवलं होतं, त्याच कात्रणाखाली. सुचिता अकोल्याहून आली. ती तिथल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. एकुलती एक. आली ती सरळ आईच्या पायांशी बसली. रडली नाही. आईच्या पायाचा अंगठा मुठीत धरून बसून राहिली.

किसनराव बेडरूममध्ये जाऊन बसले. बाहेर गुलाबराव, त्यांचा उजवा हात, खुर्च्यांचं नि लाकडांचं बघत होता. पाच वाजता निघायचं ठरलं होतं. तिथे सरण पेटल्यावर आपल्याला बोलावं लागेल, हे किसनरावांना माहीत होतं. खरं म्हणजे लागेल असं कोणी म्हणालं नव्हतं. नवऱ्याने बोलावं अशी रीत नाही. पण अख्ख्या मतदारसंघात कोणीही मेलं, तरी त्याला एक गोष्ट मिळाली होती. जिने ती प्रत्येकाला दिली तिलाच मिळू नये, हे त्यांना सहन होईना. एकच तर पाहिजे होती.

ते नेहमीच्या पद्धतीने विचार करायला बसले. माणूस डोळ्यांपुढे आणायचा.

सत्यभामाबाई डोळ्यांपुढे आल्या. हातात पेला, डोक्यावर पदर, आणि सांगत होत्या : तो म्हातारा म्हशीले रेडिओ ऐकवल्याबिगर धार काढत नसे. किसनरावांनी ते बाजूला सारलं. पुन्हा आठवलं. पुन्हा त्याच, आणि सांगत होत्या : त्या बाईनं जावेच्या लेकराले आपलं दूध पाजलं होतं, हे जावेले अजून माहीत नाही, म्हनून हे नका सांगू, दुसरं सांगते. आणखी मागे गेले. मुंबईचं आमदार निवास, खिडकीशी सत्यभामाबाई, आणि फोनवर कोणाला तरी विचारत होत्या. लग्नाच्या वर्षापर्यंत जाऊन पाहिलं. त्या वर्षी ते जिल्हा परिषदेच्या प्रचारात होते. घरी रात्री उशिरा येत. ताट झाकलेलं असे. ताट आठवत होतं. कल्हईचं, काठाला पोचा आलेलं. वाढणारी बाई त्या ताटामागे कशी बसायची, ते नाही.

त्यांना आठवणाऱ्या प्रत्येक सत्यभामाबाई दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलत होत्या.

किसनरावांना घाम फुटला. निकालाच्या दिवशी मतमोजणीत मागे पडल्यावर फुटायचा, तसा. ते उठून मागच्या अंगणात गेले. तिथे बायका बसल्या होत्या. शेजारच्या बेबीताई मध्ये होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. एक बाई रडताना हसली आणि तिने तोंडात पदर कोंबला. किसनराव दिसताच सगळ्या गप्प झाल्या. सगळ्यांचे पदर वर गेले.

“बेबीताई,” ते म्हणाले.

बेबीताई लगबगीने उठल्या. डोळे सुजले होते. “काय लागते भाऊ? पानी देऊ?”

विचारायचं तर होतं. पण काय विचारणार? बेचाळीस वर्षांचा संसार झालेल्या माणसाने शेजारणीला विचारायचं, की माझ्या बायकोचं काय होतं हो? त्यांच्या मागे बायका वाट पाहत होत्या, की हा माणूस कधी जातो आणि आपलं बोलणं कधी पुढे सुरू होतं.

“हाव. पानी द्या,” किसनराव म्हणाले. ते उभ्याने प्यायले आणि परत आले.

पाच वाजता उचललं. भजनी मंडळी पुढे होती. किसनरावांच्या हातात मडकं होतं. फाटकातून बाहेर पडताना गुलाबराव त्यांच्या कानाशी आला.

“भाऊ, सुचिताताई मागून येऊन राह्यल्या. अनवानी.”

किसनरावांनी वळून पाहिलं. सुचिता बाकी बायकांसारखी फाटकाशी थांबली नव्हती. ती माणसांच्या मागोमाग रस्त्यावर आली होती.

“सुचिता, मांगं फीर.”

“मी येते बाबा.”

“बाया येत नाहीत आपल्यात.”

“अमडापूरच्या एका लेकीनं बापाले अग्नी दिला होता. तुमीच माईकवरून तिचं कौतुक केलं. पेपरात फोटो आला.”

“ते दुसऱ्याचं घर होतं,” किसनराव म्हणाले.

ते बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. पण गुलाबराव शेजारी होता. तिरडी खांद्यावर घेऊन माणसं थांबली होती. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि तीन-चार मोबाइल आताच वर झाले होते.

“भाऊ, घरचे मानसं ठीक हाय, पन हे बाकीचे,” गुलाबराव पुटपुटला. “आजच्या दिवशी बोभाटा नको.”

“घरी जाय, माय,” किसनराव म्हणाले. “मी आहो ना.”

सुचिताने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. प्रयोगाला लागणारी वस्तूच नाही म्हटल्यावर जसं माणूस हात पुसून बाजूला होतं, तशी ती बाजूला झाली आणि फाटकाच्या आत गेली.

गावाबाहेरच्या स्मशानातली शेड किसनरावांनीच आमदार निधीतून बांधून दिली होती. वर पत्र्याच्या पाटीवर निळ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं. मतदारसंघात अशा शेडा किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी मडकं फोडलं. अग्नी दिला. मोठ्या लाकडांखालच्या गोवऱ्या आधी धुमसल्या, मग वाऱ्याबरोबर एकदम पेटल्या. लोक बाकांवर बसले. बाक कमी पडले, बाकीचे मातीत बसले. सगळे पुरुष. शेजारच्या तालुक्यांतूनही आले होते. विरोधी पक्षाचे दोघं मागे हात बांधून उभे होते.

गुलाबरावने माईक हातात घेतला. बोटाने टकटक केलं.

“वहिनीबद्दल म्या काय बोलावं? आमी कार्यकर्ते, रात्री-बेरात्री भाऊच्या घरी जायचो. वहिनीनं कधी उपाशी धाडलं नाही. साक्षात अन्नपूर्णा होत्या.”

किसनरावांनी खाली पाहिलं. मग सभापती बोलले. मनमिळाऊ. मग बाजार समितीचे कोणी. धर्मपरायण, कुटुंबवत्सल. मग आणखी एक जण उठला आणि म्हणाला, त्यांच्या हातचा चहा घेतला नाही असा कार्यकर्ता नाही. माना हलल्या. चहा सगळ्यांनी घेतला होता. एवढ्या पुरुषांपैकी एकालाही चहाच्या कपापलीकडचं काही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या मागच्या अंगणात बसल्या होत्या, आणि जिला सगळ्यात जास्त माहीत होतं तिला त्यांनी फाटकातून परत पाठवलं होतं.

“भाऊ, तुमी नका बोलू. राहू द्या,” गुलाबराव वाकून म्हणाला.

किसनराव उठले. पाय आपोआप उठले, हात आपोआप पुढे झाला. माईक हातात आला तेव्हा सगळीकडे शांत झालं. हे शांत होणं त्यांच्या ओळखीचं होतं. लोक थांबायचे त्या एका गोष्टीसाठी. पलीकडे रस्त्याच्या कडेला बद्रुद्दीन गाडीला टेकून उभा होता. त्यानेही मान वर केली.

किसनरावांनी तोंड उघडलं. पाण्याचा पेला आठवला. त्यावरची झाकणी आठवली. पुढे काही नाही. मागे लाकूड तडकलं. लोक वाट पाहत होते.

“ती,” किसनराव म्हणाले. आवाज भोंग्यातून बाहेर पडून परत आला. “ती माही... ती अन्नपूर्णा होती.”

आणि ते खाली बसले.

लोकांनी डोळे पुसले. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “भाऊले बोलू आलं नाही. कसं येईन?” सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोलता आलं नाही. मागच्या विरोधकांपैकी एक पुढे आला, त्याने किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “सांभाळा भाऊ.” गाडीशी उभा असलेला बद्रुद्दीन तेवढा खाली बघत होता. बूट घालताना भाऊंना रोज काय ऐकायला मिळायचं, ते त्याला फाटकापर्यंत ऐकू यायचं. आज भाऊंना कोणी काही सांगितलेलं नाही, हे त्या गर्दीत त्या एकट्याला कळलं होतं.

परत आल्यावर पायांवर पाणी घेतलं, कडुनिंबाचा पाला दातांखाली धरला. ओसरीवर जिथे निजवलं होतं तिथे बायकांनी सारवल्यासारखं पुसून पीठ पसरलं होतं, त्यावर दिवा लावून वर टोपली पालथी घातली होती. माणसं दिव्याचं दर्शन घेऊन बाहेरच्या बाहेर गेली. शेजारच्या बायकाही आंघोळीला आपापल्या घरी गेल्या होत्या. बेबीताईही. किसनराव मागच्या अंगणात डोकावले, तर तिथे धुतलेल्या फरशीवर पाणी तेवढं वाहत होतं. मुक्कामाला राहिलेल्या नातेवाईक बायका आत खोलीत पडल्या होत्या.

सुचिता स्वयंपाकघरात उंबऱ्याजवळ बसली होती. आई सकाळी टेकली होती त्या भिंतीकडे तोंड करून.

किसनराव तिच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले.

“सुचिता.”

“हं.”

“तुले माहीत असन. आईचं. काहीतरी सांग मले.”

“काय सांगू?”

“काहीही. एकच सांग.”

सुचिताने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर किसनरावांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं.

“तिथं काय बोलले तुमी?” तिने विचारलं.

किसनराव फरशीकडे पाहू लागले.

“मले गुलाबकाकानं सांगतलं. त्याले लई चांगलं वाटलं, म्हने भाऊ अन् मी एकच शब्द बोललो.” ती थांबली. “बाबा, मी तुमच्या बाजूले उभी राहून सांगतलं असतं. तुमाले, तुमच्या कानात. आई सांगे तसं. म्हनून येत होती मी. मले काही अग्नी-बिग्नी द्यायचा नव्हता.”

“चुकलं माय. आता सांग.”

“आता नाही.”

“काऊन?”

“आता सांगतलं तर तुमी तेरवीले माईकवर सांगसान.”

“नाही सांगनार.”

“सांगसान,” ती हळूच म्हणाली. “तुमच्यानं राहवनार नाही. लोक शांत बसले की तुमच्यानं राहवत नाही. अन् लोक म्हनतीन, पाहा, भाऊले सारं याद असते.” तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. “माह्यापाशी तिचं तेवढंच हाय बाबा. तेवढं राहू द्या मले.”

ती उठली आणि नातेवाईक बायकांच्या खोलीत जाऊन पडली.

किसनराव तिथेच बसून राहिले. बाहेर दिवेलागण झाली होती. मग फोन वाजला. सत्यभामाबाईंचा मोबाइल सकाळपासून डब्यांच्या फळीवर पडून होता. कोणीतरी उचलून तिथे ठेवला असावा. किसनरावांनी तो घेतला.

“वहिनी? मी वडनेरहून वंदना बोलते,” पलीकडची बाई म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत राहिली. “सकाळी तुमी फोन केला, मामंजी गेले म्हून, तं मले रडूच आलं पाहा. तुमी म्हनल्या, बाई, आधी घोटभर चहा घे, दम खाय, मी मंग लावते. मी वाट पाहत होती. मंग कामात गेला दिवस. सांगायचं राहून गेलं म्हून आता लावला.”

सत्यभामाबाई गेल्याचं वडनेरला बाहेर बसलेल्या पुरुषांना कळलं असणार. आत बसलेल्या बायकांपर्यंत अजून आलं नव्हतं.

“सांगा,” किसनराव म्हणाले.

“अं? कोन, भाऊ हायेत काय?” बाई चपापली. “वहिनी नाहीत?”

“सांगा तुमी. मी ऐकून राह्यलो.”

“आता काय उपेग भाऊ, सारं आटपलं. पन वहिनीनं इचारलं होतं म्हून सांगते. आमचे मामंजी नं, रोज रात्री निजायच्या आधी आत्याबाईच्या चपला सुलट्या करून ठेवत. दाराकडं तोंड करून. अंधारात उठल्या तं पायाले सापडल्या पाहिजे म्हून. आत्याबाईले हे माहीतच नव्हतं. त्यायले वाटे, आपनच तशा काढतो. मले माहीत होतं, मी पाहत होती ना. आज पहाटे आत्याबाई उठल्या, तं चपला इस्कटलेल्या. तिथूनच हाका मारत आल्या, वंदना, पाह्य वं, चपलायले काय झालं. मी मामंजीकडंच पळाली.”

किसनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एवढंच होतं भाऊ. वहिनीले सांगसान?”

“सांगतो,” किसनराव म्हणाले. “सांगतो तिले.”

त्यांनी फोन पुन्हा फळीवर ठेवला. मग मागच्या दाराकडे गेले. सत्यभामाबाई मागच्या दारानेच ये-जा करत, एवढं त्यांना माहीत होतं.

दाराबाहेरचा दिवा लावला. पायरीवर बायकांच्या चपला पडल्या होत्या. मुक्कामाच्या बायकांच्या, सुचिताची, आणि त्यांत कुठेतरी सत्यभामाबाईंची. काळ्या, तपकिरी, एक जांभळ्या पट्ट्याची, एकीचा अंगठा शिवलेला, दोन अगदी सारख्या. एकीवर एक चढलेल्या, काही पालथ्या, पाण्याने ओल्या झालेल्या.

किसनराव पायरीवर वाकले. एक चप्पल हातात घेऊन पाहिली, उलटून टाच पाहिली, ठेवली. दुसरी घेतली. ती हलकी होती, लहान पायाची. सत्यभामाबाईंचा पाय लहान होता का? दुपारी त्या पायांशी सुचिता बसली होती, अंगठा मुठीत धरून. त्यांनी पाहिलं होतं सुचिताकडे. पायाकडे नाही.

आत जाऊन विचारता आलं असतं. खोलीचं दार उघडंच होतं.

ते पायरीवर बसले. मग त्यांनी सगळ्या चपला एकेक करून वेगळ्या केल्या, पालथ्या होत्या त्या सुलट्या केल्या, चिखल लागला होता तो बोटाने पुसला, जोड्या लावल्या, आणि कोणती तिची ते कळत नव्हतं म्हणून सगळ्याच दाराकडे तोंड करून ठेवल्या.